हीटर काढलेली गाडी

मुंबईत गाडी घेणारा माणूस हीटरकडे ढुंकूनही बघत नाही. डॅशबोर्डवरचं ते गोल बटण निळ्या बाजूला वळवलेलं असतं आणि जन्मभर तिथेच राहतं. लाल बाजूला काय आहे, हे तपासायची वेळ कुणावर येत नाही. डिसेंबरात दोन पहाटे जरा गार वारा सुटला की आमच्या लालबागेत लोक कानटोप्या चढवतात, काय थंडी पडलीय म्हणून एकमेकांना सांगतात आणि दुपारी पंखा लावून झोपतात. अशा गावात हीटर हवा कुणाला, असं बाबांचं म्हणणं होतं. त्यांच्या म्हणण्यात चूक काढावी असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

गाडी घेतली तीच मुळी बाबांसाठी. त्यांची उमेदीची वर्षं गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात गेली, आणि तिथली कापसाची भुकटी छातीत जाऊन बसली ती बसलीच. गिरणी बंद पडली, तिच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला, बाबा एका ऑफिसात लिफ्टमन म्हणून लागून तिथूनही निवृत्त झाले, तरी खोकला काही त्यांना सोडून गेला नाही. पुढे पुढे परळच्या हॉस्पिटलात जायचं तर टॅक्सीवाल्यांच्या विनवण्या कराव्या लागायच्या. आमची चाळ पाडून इमारत झाली, खाली गाडी लावायला जागा मिळाली, तेव्हा मी एक जुनी, सेकंडहँड गाडी घेतली.

ती दारात आली त्या दिवशी बाबांनी तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गाकडे कुठल्याही कामाच्या आधी नारळ ठेवून देवाला मोठ्याने विनंती करायची पद्धत आहे. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. बाबांनी बॉनेटवर नारळ ठेवला, टोपी नीट केली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात देवाला सांगितलं की, ह्या गाडयेच्या इंजिनाक सांभाळ, ब्रेकाक सांभाळ, टायराक सांभाळ, आणि माझ्या झिलाक जरा सावकाश चालवची बुद्धी दी. वॉचमनसकट सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. झील, म्हणजे मी, मात्र ऑफिसातला कुणी बघत नाही ना, हे बघत उभा होतो.

बाबांच्या गाऱ्हाण्याला गावात मान होता. मार्गशीर्षात आमच्या देवळाची जत्रा असते. त्या दिवशी सकाळी पूजेनंतरचं पहिलं गाऱ्हाणं आमच्या घरातल्या थोरल्या पुरुषाने घालायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गिरणीत असताना रजा नाकारली तर बाबा न विचारता जायचे आणि परत आल्यावर निमूट बोलणी खायचे. गणपतीला एखाद्या वर्षी नाही जमलं तरी चालेल, पण जत्रा चुकवायची नाही, असा त्यांचा नेम होता.

गाडी घेतल्यावर वर्षभरात तिच्या आतून गोडसर वास यायला लागला. बाबा पुढे डाव्या बाजूला बसायचे, त्यांच्या पायाखालची चटई ओली व्हायची आणि पुढच्या काचेवर आतून एक चिकट थर धरायचा. फडक्याने पुसला तर जास्तच पसरायचा. मला वाटलं एसीचं पाणी गळतंय. गल्लीतल्या मेकॅनिकने चटई उचलून बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला की हीटरची जाळी फुटलीय, इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून आत गळतंय. नवी घालायची तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. नाहीतर हीटरला जाणारे दोन्ही पाइप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून टाकू, म्हणजे पाणी आत जायलाच नको.

“जोडून टाक,” बाबा म्हणाले. “मुंबयत हिटर कित्याक व्हयो? गाडयेत काय शेगडी पेटवची आसा?”

मेकॅनिक हसला. असं बऱ्याच गाड्यांचं करतो म्हणाला. चहा येऊन संपायच्या आत काम झालं. चटई सुकली, वास गेला, आणि आपल्या हुशारीने डॅशबोर्ड वाचला ही गोष्ट बाबांनी इमारतीत भेटेल त्याला सांगितली. मी त्यांना चिडवायचो, “तुम्ही गाऱ्हाण्यात इंजिनाचं नाव घेतलंत, टायरचं घेतलंत, हीटरला विसरलात. म्हणून तो रुसला.” त्यावर ते म्हणायचे, “रुसां दी. तेच्याकडे काम काय आमचा?”

त्यांनी आणखी एक बंदोबस्त केला होता. बाहेरची हवा आत घ्यायची की आतलीच फिरवायची, ते ठरवणारी एक दांडी डॅशबोर्डवर असते. घरातून निघालं की आम्हाला मिरचीच्या दुकानांवरून जावं लागे. तिथे मसाला कुटायचे डंख चालू असले की तो ठसका थेट बाबांच्या छातीत जायचा आणि पुढच्या पुलापर्यंत त्यांचा खोकला थांबत नसे. म्हणून त्यांनी ती दांडी ‘आतली हवा’कडे सरकवून वर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली. मुंबईच्या धुळीत ते शहाणपणाचंच होतं. दोन-तीन वर्षांत दांडी अशी जाम झाली की पट्टी काढली तरी हलेना, आणि आम्हाला ती हलवायची गरजही पडली नाही.

मग बाबांचा श्वास कमी होत गेला. आधी जिने बंद झाले, मग बाजार, मग खालच्या बाकावर बसणं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं की फुफ्फुसात आता फारसं काही उरलेलं नाही. बाबांना त्यांनी इतकंच सांगितलं की प्रवास नको, धूळ नको आणि थंड हवा तर अजिबात नको. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, “थंडी नको, धूळ नको, मगे माका बरणयेत घालून ठेय लोणच्यासारखो.”

नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं. “झिला, जत्रेक न्हेशीत मा? औंदाचा गाऱ्हाणा माका घालूक व्हया. पुढल्या वर्षाचा मी काय सांगू शकणत नाय.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले ते त्यांना न सांगता कळलेलं होतं. मी आईकडे बघितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “न्ही तेंका.”

रेल्वेत चढायचं, एक मिनिट थांबणाऱ्या स्टेशनावर उतरायचं, मग लांबलचक फलाट चालायचा, हे बाबांना झेपणारं नव्हतं. म्हणून आम्ही आमच्याच गाडीने निघालो. सलग बसवत नाही म्हणून राजापूरच्या अलीकडे मावशीकडे मुक्काम केला. सकाळी लवकर निघालो तर पूजेच्या आधी आरामात पोचू असा हिशेब होता. पुढे माझ्या शेजारी शाल, मफलर आणि कानटोपीत गुंडाळलेले बाबा, मांडीवर पिशवी आणि पिशवीत नारळ. मागे आई. अजून उजाडायचं होतं. मावशी फाटकापर्यंत आली आणि धुकं बघून म्हणाली, जरा थांबून जा. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नदीचं खोरं सुरू झालं आणि धुकं दाट झालं. बाहेरच्या धुक्याचं मला काही वाटलं नाही, सावकाश चालवलं असतं. पण आमची पुढची काच आतून पांढरी व्हायला लागली. मी रुमालाने पुसली. दोन वळणं दिसली आणि पुन्हा पांढरी. वायपर लावला, पण तो बाहेरून फिरत राहिला आणि आतलं तसंच. आईने मागून वर्तमानपत्र दिलं, मग टॉवेल दिला. पुसलेली जागा मी हात खाली घेईपर्यंत परत भरून यायची.

गाडी बाजूला घेऊन मी डोकं चालवलं. बाहेर गार, आत तीन माणसांचा गरम, ओलसर श्वास, सगळ्या खिडक्या बंद. काच धुरकट होणारच. मग एसी लावला. एसी हवा कोरडी करतो हे मला माहीत होतं, आणि काच खरंच साफ व्हायला लागली. पण ती बर्फासारखी हवा काचेवरून वळून बाबांच्या तोंडावर आली आणि त्यांना असा खोकला लागला की मी घाईघाईने बंद केला. खिडकी चार बोटं उघडली तर धुकंच आत आलं. बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले. खिडकी लावून घेतली. बाहेरची हवा थोडी थोडी काचेवर सोडावी म्हणून चिकटपट्टी उपटली, दांडी ढकलली, पान्ह्याने ठोकली. ती जागची हलली नाही. मग माझा हात आपोआप त्या गोल बटणाकडे गेला. मी ते निळ्यावरून लाल बाजूला फिरवलं आणि पंखा लावला. आतून जी हवा आली तीही गारच होती.

बाबा ते बघत होते. “जोडलेलो नाय मा तो,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. मेकॅनिकचा नाही, बाबांचा तर नाहीच. लालबागेत बसून आम्ही जे जे शहाणपण केलं होतं ते सगळं ह्या खोऱ्यात येऊन आमच्या अंगावर उलटलं होतं, आणि मधल्या मध्ये त्या म्हाताऱ्या माणसाची एवढीशी इच्छा अडकली होती.

तशीच काच पुसत पुसत थोडं पुढे गेलो, तर समोरून येणारा ट्रक अगदी अंगावर आल्यावर दिसला. आई ओरडली. एका बंद टपरीजवळ मी गाडी थांबवली आणि आता ऊन आल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं. बाबांनी वाद घातला नाही. त्यांच्यात तेवढा दम नव्हता.

आईने पिशवीतून कापूर घातलेल्या खोबरेल तेलाची बाटली काढली आणि मागून हात घालून त्यांची छाती चोळली. त्यांनीही स्वतःच्या हाताने गळ्याला तेल लावलं. मग त्याच तेलकट तळव्याने आपल्या बाजूच्या खिडकीची काच पुसली आणि बाहेर बघत राहिले. ऊन आलं का, एवढंच बघत होते. परत काच भरली की परत त्याच जागी पुसायचे.

तेवढ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. मी आवाज मोठा करून फोन बाबांसमोर धरला.

“काका, लोका जमली. पूजा झाली. भटजी घाई करतत. काय करू?”

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “घाल तू. माझ्या वतीन घाल. नीट घाल हां.”

मी फोन ठेवला. आई पदराने डोळे टिपत होती. मी उगीच काच पुसत होतो. आणि मग बाबांनी पिशवीतला नारळ काढून डॅशबोर्डवर ठेवला, कानटोपी सारखी केली आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” आई मागून म्हणाली. मीही म्हणालो.

“आज तुझ्या जत्रेक... तुझी लेकरां भायर पडली. पण वाटेत धुक्यान अडवल्यान रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझ्या पायापर्यंत येवक जमला नाय... हयसून हात जोडतंय. ता गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

एकेका वाक्यासाठी ते दोनदा-तीनदा थांबत होते. इमारतभर ऐकू जाणारा तो आवाज आता माझ्यापर्यंतही नीट पोचत नव्हता. आमच्या प्रत्येक ‘व्हय म्हाराजा’ला काच आणखी पांढरी होत गेली, आणि आता ती पुसावी असं मला वाटलं नाही.

“माझ्या मागे ह्यो झील तुझ्या पायाकडे येतलो. तेका वाट दाखय रे म्हाराजा.”

आई एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

ऊन आलं तेव्हा धुकं बघता बघता विरलं. आम्ही देवळात पोचलो तोवर गाऱ्हाणी होऊन गेली होती आणि लोक जेवायला बसत होते. बाबांना धरून आत नेलं. ते देवासमोर थोडा वेळ बसले, सगळ्यांना ओळखलं, प्रसाद खाल्ला. चुलतभावाला म्हणाले, बरा घातलंस असा ऐकलंय. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मला ते पाहवत नव्हतं, म्हणून मी बाहेर खाज्या-मिठाईच्या दुकानांमधून फिरत राहिलो.

परतीच्या प्रवासात दिवसाउजेडी येताना ते म्हणाले, “तो हिटर जोडून घे रे झिला.”

“तुम्हीच म्हणालात ना, मुंबईत कशाला हवा?” मी हसवायला म्हणून बोललो.

“मुंबयत नाय लागणा,” ते म्हणाले. “पण आपण काय नुसते मुंबयचे?”

होळीच्या आधी बाबा गेले. त्या सकाळच्या थंडीने घात केला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले, हे होणारच होतं म्हणाले. मी तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारला नाही. मनात मात्र तो अजून आहे.

हीटर जोडायला मला दिवाळी उजाडली. बाबा असताना जे केलं नाही ते आता करायचं, ह्याचीच चीड यायची आणि मी ते काम तसंच पुढे ढकलत राहायचो. अखेर त्याच मेकॅनिककडे नेली. त्याने अख्खा डॅशबोर्ड उतरवला, नवी जाळी बसवली, पाइप पुन्हा जागेवर लावले, दांडी मोकळी केली. हवा गाळायच्या जाळीतून केवढी तरी काळी धूळ निघाली. लालबागच्या भर उन्हात त्याने मला आत बसवून हीटर लावून दाखवला. मी घामाने भिजलो, तरी बंद कर म्हणालो नाही.

घरी आणल्यावर गाडी धुवायला घेतली. सगळ्या काचा आतून वर्तमानपत्राने लख्ख केल्या. डाव्या पुढच्या खिडकीकडे वळलो तर आई गॅलरीतून बघत होती, ती लिफ्टने खाली आली.

“ती काच पुसू नको.”

“का गे? काय आहे तिला?” मी वाकून बघितलं. काच चांगली स्वच्छ दिसत होती.

“नको म्हणतंय ना,” ती म्हणाली आणि वर गेली. म्हातारं माणूस, एकेकाच्या मनात काय बसेल सांगता येत नाही, असं म्हणून मी फडकं बादलीत टाकलं.

यंदा जत्रेला आम्ही दोघंच निघालो. थोरला पुरुष आता मी होतो. गाऱ्हाणं मी चुलतभावाकडून फोनवर पाठ करून घेतलं होतं आणि ऑफिसला जाताना गाडीत मोठमोठ्याने म्हणत होतो. मुक्काम पुन्हा मावशीकडे झाला, आणि सकाळी तसंच धुकं. बाबांच्या जागेवर आता आई बसली होती. खोरं लागलं तसं मी बटण लाल बाजूला फिरवलं, हवा काचेवर सोडली. ऊबदार वारा आला आणि पुढची काच कोपऱ्यांपर्यंत निर्मळ राहिली. एवढं सोपं होतं ते. मी दात आवळून चालवत राहिलो.

ती टपरी आली. ह्या वेळी ती उघडी होती, चुलीवर चहा उकळत होता.

“थांबय जरा,” आई म्हणाली. मी थांबलो. तिला चहा हवा असेल असं वाटलं.

“आता हिटर बंद कर.”

“थंडी वाजेल गे तुला.”

“कर बंद.”

मी बंद केला. हवेची दांडीही तिने मला ‘आतली हवा’कडे ओढायला लावली. आम्ही बसून राहिलो. हळूहळू पुढची काच धुरकटली, मग बाजूच्या. आई आपल्या खिडकीकडे वळून बसली होती. तिने तोंड काचेजवळ नेलं आणि बाळाच्या दुधावर फुंकर घालावी तसा हलकेच श्वास सोडला.

पांढऱ्या काचेवर एक मोकळा अर्धगोल उमटला. त्याच्या कडेला चार बोटांचे फराटे होते. ऊन आलं का बघायला बाबांनी तेलकट तळव्याने पुन्हा पुन्हा पुसलेली ती जागा होती.

“पावसात एकदा दिसलो ह्यो हात,” आई म्हणाली. “तू डोळ्याच्या डॉक्टरकडे न्हेलेलंस तेव्हा. तुका सांगूक नाय.”

तिने काचेला हात लावला नाही. फक्त तो ठसा पुसट व्हायला लागला की परत श्वास सोडत होती. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. बाबा गेले तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

फोन वाजला. चुलतभाऊ होता. पूजा सुरू झाली होती, माझ्याशिवाय गाऱ्हाणं घालणार नाहीत, पण भटजी घाई करतायत, असं म्हणाला. मी आईकडे बघितलं. तिने खिडकीकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि स्वतःच हात पुढे करून बटण लाल बाजूला फिरवलं.

“चल,” ती म्हणाली. “औंदा उशीर नको.”

ऊबदार हवा आली. तिच्या बाजूची काच खालून वर मोकळी होत गेली, त्यात तो हातही गेला, आणि मला समोरचा रस्ता दिसायला लागला तशी मी गाडी काढली.